वडस : थेंबांवर थांबावे की शस्त्रक्रिया करावी?

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाऊ लागला की नागपूरकर डोक्याला दुपट्टा गुंडाळून दुचाकीवर निघतो, पण डोळे मात्र उघडेच ठेवतो; अतिनील किरण, धूळ आणि कोरडा वारा यांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याने बुबुळावर चढणारा वडस, म्हणजेच टेरिजियम, वाढतो तो अशाच डोळ्यांत. आरशात पाहिल्यास नाकाकडच्या कोपऱ्यातून निघालेला, बारीक लाल शिरा असलेला मांसल त्रिकोण दिसतो आणि त्याचे टोक बाहुलीच्या दिशेने असते.

वडस लहान आणि स्थिर असेल, तर कृत्रिम अश्रूंचे थेंब, अतिनील किरण रोखणारा चष्मा आणि अधूनमधून तपासणी एवढे बहुधा पुरते. थेंबांनी चुरचुर कमी होते, वडस विरघळत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र डोळ्यातील दाब वाढवू शकतात.

टोक बाहुलीजवळ सरकले, चष्म्याचा तिरपा नंबर वाढू लागला किंवा लाली सतत राहिली, तर शस्त्रक्रियेचा पर्याय सरस ठरतो. येथे पद्धत विचारून घ्यावीच, कारण वडस नुसता कापून जागा उघडी ठेवल्यास तो पुष्कळदा परत येतो; त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालील पातळ आवरणाचा तुकडा टाक्यांनी किंवा जैविक गोंदाने तेथे बसवल्यास ही शक्यता बरीच घटते. भूल स्थानिक असते. त्यानंतर काही दिवस डोळा खुपतो, आणि थेंब काही आठवडे चालतात. उन्हाचा चष्मा दोन्ही पर्यायांत सुटत नाही.