‘अँटेना नीट लावला होतास ना, भावा?’

हा प्रश्न मी तीन आठवड्यांत दहा वेळा तरी ऐकला आणि दर वेळी मान खाली घातली. वापरलेला ड्रोन घेण्याच्या नादात माझे 37,300 रुपये गेले. पण ज्यानं फसवलं त्यालाच मी पंधरा-वीस दिवस ‘सॉरी दादा’ म्हणत होतो, ते जास्त झोंबतं.

मी सांगलीचा. दिवाळीपासून रिमोट लॅपटॉपला जोडून सिम्युलेटरवर एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवणं, शिकत होतो. लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन हात सोडला की हवेत गप उभा राहतो. हा तसला नव्हे. ॲक्रो मोडमध्ये रिमोटची काडी सोडली, तर ज्या कोनात वाकलाय त्याच कोनात वाकलेला राहतो आणि थेट जमिनीचा रस्ता धरतो. चार महिन्यांत बोटं बऱ्यापैकी बसली आणि मग खऱ्या ड्रोनची खाज सुटली.

इथं एक अडचण आहे. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोन मागवायला बंदी आहे. सुटे भाग मात्र मागवता येतात. म्हणून या नादातली मंडळी फ्रेम, मोटर, फ्लाइट कंट्रोलर असं एकेक मागवून घरीच सोल्डर करतात. ज्याचा हात सोल्डरिंगला बसलेला नाही, तो वापरलेला तयार सेट शोधत फिरतो. त्याला बिल नाही, गॅरंटी नाही. मी नेमकं तसलं गिऱ्हाईक.

जाहिरात अशी: परदेशी चाललोय, सगळं काढायचंय. पाच इंची क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन), ॲनालॉग गॉगल, रिमोट, चार 4एस म्हणजे चार-चार सेलच्या बॅटऱ्या, चार्जर. ‘जेमतेम 12 पॅक उडवलेत’, म्हणजे बारा बॅटऱ्यांपुरताच वापरलाय. सोबत 23 सेकंदांचा व्हिडिओ. अर्धवट सोडलेल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून ड्रोन आत शिरतो, जिन्याच्या पोकळीतून सुळकन खाली येतो. मी तो इतक्या वेळा पाहिला की बायको म्हणाली, तिथं फ्लॅट घ्यायचाय का?

व्हिडिओ कॉलवर त्यानं पंखे काढून मोटरी फिरवून दाखवल्या, दिवे लावून दाखवले. गॉगलमध्ये चित्र येतं का, हे मी विचारलंच नाही. विचारायला हवं हेच माहीत नव्हतं. 16,000 आधी पाठवले, कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले 16,000. मग म्हणाला, ‘ड्रोन सहाशे ग्रॅमच्या वर जातो, लायसन्स लागेल, माझी ओळख आहे.’ त्याचे 3,500 वेगळे. तिरंगी पट्टीची एक पीडीएफ आली, तिची मी रंगीत प्रिंटही काढली. ड्रोन नियम, 2021 मी नंतर वाचले. 250 ग्रॅम ते 2 किलो म्हणजे मायक्रो ड्रोन, आणि तो व्यवसायासाठी उडवत नसाल तर पायलटचं प्रमाणपत्र लागतच नाही. जे लागत नाही तेच मी विकत घेतलं होतं.

खोकं आलं. रिमोट चांगला होता, मोटरी फिरल्या. गॉगल लावला तर टेबलाच्या या टोकाला चित्र स्वच्छ. ड्रोन तिथंच ठेवून दारापर्यंत गेलो की नुसता मुंग्यांचा नाच.

फोन केला. तेव्हा तो प्रश्न पहिल्यांदा आला.

त्यातली चलाखी आता कळते. तो खोटं बोलत नव्हता. चित्र पाठवणारा जो ट्रान्समीटर असतो, व्हीटीएक्स, त्याला अँटेना न लावता बॅटरी जोडली तर बाहेर पडायची ऊर्जा उलटी फिरते आणि त्याची शेवटची पायरी जळते. मग चित्र येतं, पण हातभर अंतरापुरतंच. हे प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी बजावलेलं असतं, मीही वाचलं होतं. अँटेना मी लावला होता. पण पूर्ण आवळला होता का? आधी बॅटरी लावली की आधी अँटेना? रात्री अंथरुणात मी तो क्षण पुन्हा पुन्हा आठवायचो आणि दर वेळी माझी बोटं थोडी जास्त धसमुसळी दिसायची. नवा माणूस चूक स्वतःच्याच पदरात घालून घेतो. या माणसाचा सगळा धंदाच त्यावर चालतो.

‘असू दे भावा, शिकताना होतं. माझ्याकडे एक व्हीटीएक्स पडलाय, 1,800 दे.’ दिले. आभारही मानले. तो व्हीटीएक्स अजून वाटेतच आहे.

शेवटी क्वाड मावसभावाकडे नेला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. व्हीटीएक्सवरचं नवंकोरं स्टिकर त्यानं चिमट्यानं सोललं, पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मला म्हणाला, ‘ये, बघ.’ चिपच्या पायांशी हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड, दोन ठिकाणी तांब्याची रेघच खाल्लेली. ‘हे पाण्यात पडलेलं आहे, आणि हा गंज चार दिवसांतला नाही.’ माझ्या ड्रोननं पाणी पाहिलंच नव्हतं, तो अंगणातूनही उडाला नव्हता. तिथल्या स्टुलावर बसून मला आधी राग आला नाही. हायसं वाटलं. मी जाळलं नव्हतं.

मग बॅटऱ्या. ब्लेडनं एकीचं वेष्टण चिरलं. वर 1500 एमएएच, आतल्या जुन्या वेष्टणावर 1300. सेलचे व्होल्ट मोजले: 3.81, 3.79, 3.80 आणि चौथा 3.12. असला पॅक हवेत जोर लावला की धपकन बसतो.

त्या रात्री तो व्हिडिओ पुन्हा लावला. एफपीव्हीच्या चित्रावर कोपऱ्यात आकडे उमटतात, बॅटरीचं व्होल्टेजही. तिथं 24.1 होतं. 4एस बॅटरी पूर्ण भरली तरी 16.8 च्या वर जात नाही. 24.1 म्हणजे 6एस, म्हणजे ड्रोनच दुसरा. भरलेल्या सेलचे 4.2 व्होल्ट गुणिले 4, हे मला झोपेतही येतं. मी इमारत बघत बसलो होतो.

वापरलेला सेट घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर गॉगलमधलं चित्र दाखवायला लावा आणि दुसऱ्या कुणाला ड्रोन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालायला सांगा. चार्जरवर प्रत्येक सेलचा आकडा मागा. व्हीटीएक्स सगळ्या बाजूंनी बघा. नवं स्टिकर दिसलं तर आधी तिथंच बोट ठेवा. आणि बाप रे, पाच-सहा तासांचा प्रवास असला तरी स्वतः जा. मला सांगली-पुणे गाडीभाड्याचे पैसे जास्त वाटले होते.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी क्रमांकावर, मी चौथ्या आठवड्यात फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढं सरकले होते.

गेल्या महिन्यात तोच व्हिडिओ नव्या नावानं दिसला. तीच इमारत, तोच जिना, कोपऱ्यात तेच 24.1. खाली एक पोरगा भाव करत होता. मी त्याला वेगळा निरोप टाकला, थांब म्हणून. त्याचं उत्तर आलं, ‘दादा, निम्मे पैसे आज सकाळीच टाकले.’ मी त्याला फोनच लावला, म्हटलं, माझ्याशी नंतर बोल, आधी 1930 फिरव.