नवीन घोडी गाभण आहे का: घरचं किट, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, तिन्ही वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी मार्क सांगून टाकते. घरी करायचं लघवीचं किट, ५ पैकी २. रक्ततपासणी, ५ पैकी ३. घोड्यांच्या डॉक्टरांनी तबेल्यात मशीन आणून केलेली सोनोग्राफी, ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

घोडी आली तेव्हा आधीच्या मालकाचं म्हणणं होतं की रिकामी आहे, नराजवळ कधी सोडलेलीच नाही. पण ज्या कळपातून ती आली त्यात खच्ची न केलेला एक तरुण नर सगळ्या घोड्यांबरोबर मोकळा फिरत होता आणि तो अजून लहान आहे म्हणून कुणी त्याला मोजतच नव्हतं. वर्ष-दीड वर्षाच्या नरापासूनसुद्धा घोडी गाभण राहू शकते हे लक्षात ठेवा. आणि नुकताच खच्ची केलेला घोडा असेल तरी पुढचे काही आठवडे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. म्हणून घोडी घेताना "भरवली होती का" (म्हणजे मुद्दाम नराकडे नेली होती का) एवढंच विचारून भागत नाही, "बरोबर कोण कोण होतं आणि कधीपर्यंत" हे विचारायचं, कारण पुढची प्रत्येक टेस्ट कधी करायची हे त्याच तारखेवर ठरतं.

नुसतं बघून ओळखता येतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. आमच्याकडेही एका जाणकार म्हणवणाऱ्या माणसाने लांबूनच पोटाकडे बघून "काही नाही हिला" असं सांगून टाकलं. पोटावरून काही कळत नाही हो. नुसत्या सुक्या चाऱ्यावर असलेल्या किंवा जंत झालेल्या घोडीचं पोट सुटतं, आधी व्यायलेल्या घोडीचं पोट तसंही सैल असतं, आणि खरोखर गाभण घोडी पहिले सहा-सात महिने सडपातळ दिसू शकते कारण पिल्लाची खरी वाढ शेवटच्या तीनेक महिन्यांत होते. कास भरायला लागते ती विण्याच्या साधारण महिनाभर आधी, म्हणजे तोपर्यंत थांबायचं म्हटलं तर तयारीला वेळच उरत नाही. माजाचंही तसंच. रिकामी घोडी हंगामात साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस राहते, पण दिवस लहान झाले की बऱ्याच घोड्यांचा माज बंदच होतो, त्यामुळे माजावर आली नाही म्हणून गाभण असं धरता येत नाही. उलट काही गाभण घोड्या माजावर आल्यासारख्या वागतात, शेपटी बाजूला करतात, सारखं थोडं थोडं मुततात, त्यामुळे माज दिसला म्हणजे रिकामीच असंही नाही.

आता किट. वापरायला सोपं आहे हे मान्य. सकाळी स्वच्छ भांड्यात लघवी धरायची, सांगितलेले थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. घोडीला सुई नाही, हात लावायचा नाही, त्यामुळे बुजऱ्या जनावरासाठी बरं वाटतं. आमचं उत्तर निगेटिव्ह आलं. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात "घरच्या घरी खात्री" लिहिलंय आणि आतल्या घडी घातलेल्या कागदावर बारीक अक्षरात की ही टेस्ट ११० ते ३०० दिवसांच्या गाभणपणातच चालते. ज्याला तारीख माहितीये त्याला हे ठीक आहे, पण नवीन घेतलेल्या घोडीची तारीखच तर माहिती नसते! मग त्या निगेटिव्हचा अर्थ "रिकामी" की "अजून लवकर" हे किट सांगूच शकत नाही. ही गोष्ट खोक्याच्या बाहेर छापायला हवी होती, म्हणून दोनच मार्क. अजून एक, माणसांची प्रेग्नन्सी किट वापरून बघा असा सल्ला कुणी दिला तर सरळ सोडून द्या, ती ज्या हार्मोनवर चालते ते घोडीत तयारच होत नाही.

रक्ततपासणीत गोंधळ असा की "गाभण आहे का ते बघा" एवढंच लिहून नमुना पाठवला तर लॅब काय तपासेल याचा नेम नाही. आम्ही पहिल्यांदा पाठवला तेव्हा प्रोजेस्टेरॉन ह्या हार्मोनचा रिपोर्ट आला, जास्त आहे, बहुतेक गाभण असा शेरा मारून. प्रोजेस्टेरॉन तर रिकाम्या घोडीचंही दोन माजांच्या मधल्या काळात जास्तच असतं, त्यावरून कसली खात्री. कामाच्या टेस्ट दोन आहेत. एक पीएमएसजी ह्या हार्मोनची, ती साधारण ४० ते १२० दिवसांच्या दरम्यान लागू पडते, पण तिच्यात एक मोठी मेख आहे. हे हार्मोन गर्भाशयात तयार होणाऱ्या काही खास पेशींमधून येतं आणि पिल्लू मधेच गेलं तरी त्या पेशी काही काळ टिकून राहतात, म्हणजे आत काही नसताना रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. शिवाय घोडी गाढवापासून गाभण असेल तर हे हार्मोन बरंच कमी असतं, तेव्हाही फसायला होतं. दुसरी इस्ट्रोन सल्फेट ह्या हार्मोनची, ती साधारण १०० दिवसांनंतर भरवशाची आणि तिचा खरा फायदा म्हणजे पिल्लू जिवंत आहे का हेही कळतं, कारण ते गेलं की हे हार्मोन उतरतं. तुमच्या डॉक्टरांना टेस्टचं नाव लिहून द्यायला सांगा आणि मगच नमुना पाठवा.

सोनोग्राफीबद्दल जास्त लिहिते कारण ती सगळ्यात उपयोगी पडली आणि ती कशी होते हे नीट माहिती नसल्यामुळे लोक घाबरतात. डॉक्टर आल्या आल्या कामाला लागले नाहीत, घोडीला हुंगू दिलं, मानेवरून हात फिरवला, आधीची माहिती विचारली. मग तिला खोड्यात उभं केलं, शेपटीला पट्टी गुंडाळून बाजूला बांधली, खांद्यापर्यंतचा मोजा, त्यावर भरपूर जेली, आधी हाताने सगळी लीद बाहेर काढली आणि मगच प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, गुदद्वारातून आत नेला. एक गोष्ट मी नीट बघत होते, घोडीने जोर लावला की त्यांचा हात जागच्या जागी थांबायचा, ती सैल झाली की मगच पुढे. घोडीचं गुदाशय गाई-म्हशीच्या मानाने फार नाजूक असतं, फाटलं तर जिवावर बेततं, त्यामुळे हे काम घोड्यांचा हात बसलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. नेहमीचे डॉक्टर गाईंसाठी कितीही चांगले असू देत, "घोड्यांचं पीडी (गाभण तपासणी) नेहमी करता का" हे विचारायला लाजू नका. फारच अस्वस्थ घोडी असेल तर थोडं गुंगीचं इंजेक्शन देतात, आमच्या घोडीला लागलं नाही.

स्क्रीनवर काळा भाग दिसतो तो पाणी, त्यात करड्या रंगाचा छोटा आकार, आणि त्याच्या छातीच्या जागी एक ठिपका भराभर उघडमीट होत होता. ते ठोके होते. डॉक्टरांनी चित्र थांबवून माप घेतलं आणि साधारण दोन महिन्यांचं गाभणपण सांगितलं. तारीख मागे मोजली तर आमच्याकडे यायच्या आधीची निघाली आणि किटचं निगेटिव्ह का आलं तेही समजलं.

यानंतर त्यांनी गर्भाशयाची दोन्ही शिंगं, म्हणजे त्याच्या दोन फांद्या, पुन्हा पूर्ण फिरून बघितली, जुळं आहे का म्हणून. घोडीत जुळं ही आनंदाची बातमी नसते, बहुतेक वेळा दोन्ही पिल्लं जातात आणि घोडीलाही धोका असतो, म्हणून भरवल्याची तारीख माहिती असेल तर १४ ते १६ दिवसांतच पहिली सोनोग्राफी करतात, तेव्हा जुळं असलं तर उपाय सोपा असतो. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ठोके दिसतात म्हणून तेव्हा दुसरी. आम्हाला तो पर्याय नव्हताच, पण एकच आहे हे ऐकून जिवात जीव आला. जाताना त्यांनी योनीच्या वरच्या भागाला जुने टाके आहेत का तेही बघितलं. काही घोड्यांना आत घाण जाऊ नये म्हणून तिथे टाके घातलेले असतात आणि विण्याआधी ते उघडले नाहीत तर घोडी फाटते. आधीच्या मालकाने सांगितलं नसेल तर हे तुम्हाला कळणार कुठून? हे मी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून केलं. ह्याचेच मी पूर्ण मार्क देते.

अर्धा कापला तो रिपोर्टसाठी. हातात आलेल्या कागदावर फक्त "गाभण आहे" एवढंच होतं. अंदाजे दिवस, जुळं नाही हे, ठोके दिसले हे काहीच नाही. मागितल्यावर लगेच सगळं लिहून दिलं, चित्रही पाठवलं, पण मागावं लागू नये. घोडी उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली तर तोंडी सांगितलेलं काय कामाचं. मशीन घेऊन येणारे डॉक्टर कमी असल्यामुळे वेळ मिळायलाही थांबावं लागलं, त्यासाठी मात्र मार्क कापलेले नाहीत.

ज्यांची घोडी नवीन आहे आणि अजून काहीच कळलेलं नाही त्यांनी एक करा, तपासणी होईपर्यंत तिला गाभणच समजा. माज आणायचं किंवा सांभाळायचं म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन अजिबात नको, त्याने गर्भ पडतो. जंताचं औषध, लस, सूज उतरवणारी स्टेरॉइडं, काहीही देण्याआधी "गाभण असू शकते" हे डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि घाबरून चंदी वाढवू नका, पहिल्या महिन्यांत जास्तीचा खुराक लागतच नाही, हलकं कामही बहुतेक घोड्यांना चालतं.

सोनोग्राफी रिकामी आली तर? ती घोडी शेवटची नराजवळ कधी होती हे नक्की माहिती नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी परत करून घ्या, कारण अगदी दहा दिवसांचा गर्भ पहिल्या वेळी सुटू शकतो. ह्या दुसऱ्या फेरीबद्दल डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, पहिल्याच वेळी गाभण निघाली म्हणून लागली नाही.

आमची १०० दिवसांनंतरची इस्ट्रोन सल्फेटही चांगली आली, ह्यावेळी टेस्टचं नाव लिहून पाठवलं होतं. घोडीचा काळ सरासरी ३४० दिवसांचा, पण ३२० पासून ३६५ पर्यंत कधीही व्याली तरी नॉर्मल धरतात आणि आमची तारीख मुळातच अंदाजाची, त्यामुळे ३०० दिवसांपासूनच रात्री कुणीतरी जागं राहायचं ठरलंय, घोड्या बहुतेक रात्रीच वितात. त्याआधीची पोटावरून करायची सोनोग्राफी ह्याच डॉक्टरांकडे बुक केलीये.