एच पायलोरीवर (पोटातल्या एका जंतूवर) दोन वेळा औषधं घेतली, एकदा किट आणि एकदा सुटी, मेडिकलमध्ये जे सांगत नाहीत ते सगळं लिहितेय

रिव्ह्यू मोठा होणार आहे, आधीच सांगते. मला गरज होती तेव्हा मराठीत हे एका ठिकाणी कुठे मिळालं नाही. कंपनीचं नाव देत नाहीये कारण असले किट बऱ्याच कंपन्या काढतात आणि आतला माल साधारण तोच असतो.

माझं पोटाचं दुखणं असं काही मोठं नव्हतंच. जेवल्यावर पोट गच्च व्हायचं, करपट ढेकरा यायच्या, पित्त पित्त म्हणून वर्षानुवर्षं काढली. खरा त्रास अशक्तपणाचा, हिमोग्लोबिन ९.१, चार महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही काटा हलेना तेव्हा डॉक्टर म्हणाले एकदा पोटात बघूया, दुर्बिणीची तपासणी केली. पोटातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून त्यांनी पिवळ्या जेलच्या डबीत टाकला आणि मी बाहेर बाकड्यावर बसेपर्यंत ते जेल कडेने गुलाबी व्हायला लागलं होतं. डॉक्टरांनी डबी हातात धरून दाखवली. हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो, त्यामुळे रंग बदलतो, आणि त्याच अमोनियाच्या जोरावर तो पोटातल्या ॲसिडमध्ये जिवंत राहतो. हाच जंतू पोटात असला की खाल्लेलं लोह नीट अंगी न लागणं होऊ शकतं, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं, पोटातल्या जखमा (अल्सर) तिखटाने आणि काळजीने होतात, जंतूबिंतू काही नसतं. जगभरचे डॉक्टरही कित्येक वर्षं असंच मानायचे. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी १९८२ मध्ये हा जंतू वाढवून दाखवला तरी कुणी मानेना, शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच तो जंतू पिऊन टाकला आणि थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, पिऊन दाखवलं म्हणजे खरंच असणार, घे बाई गोळ्या.

आता किट. एका बॉक्समध्ये सात कार्डं, एक कार्ड एका दिवसाचं. वरची ओळ सकाळची, खालची रात्रीची. प्रत्येक ओळीत ॲसिड कमी करणारी एक छोटी कॅप्सूल, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० ची एक लांबट गोळी आणि अमॉक्सिसिलिनच्या ५०० च्या दोन कॅप्सूल, ही दोन्ही अँटीबायोटिक. कल्पना खरंच चांगली आहे, गोळी चुकत नाही, कुठलं कार्ड झालं कुठलं राहिलं ते डोळ्यांसमोर दिसतं. मी स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवायचे आणि त्या त्या तारखेवर पेनाने रेघ मारायचे.

पण चारही गोळ्या एकाच ओळीत असल्यामुळे बघणाऱ्याला वाटतं एकदमच घ्यायच्या. मी पहिले दोन दिवस जेवणानंतर चारही एकदम घेतल्या. नंतर फोन केला तेव्हा कळलं, ॲसिडवाली जेवणाआधी अर्धा तास घ्यायची आणि बाकीच्या जेवण झाल्यावर, म्हणजे मळमळ कमी होते. ॲसिड नीट दबलं तरच अँटीबायोटिक जोमाने काम करतं, त्यामुळे ती छोटी कॅप्सूल म्हणजे नुसती पित्ताची गोळी आहे असं समजू नका. आतला कागद इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. हे कार्डावरच मराठीत दोन ओळींत छापायला काय जातं?

साइड इफेक्ट तिसऱ्या दिवसापासून. तोंड असं झालं की तांब्याचं नाणं जिभेखाली ठेवलंय. आम्ही सोलापूरचे, ताटात शेंगाचटणी नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, ती चटणी मातीसारखी लागायला लागली, पाणीसुद्धा कडू. रात्री दोन वाजता त्या चवीने जाग यायची. ही चव क्लॅरिथ्रोमायसिनची, गोळ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांत जाते, त्याला घाबरून गोळी बंद करायची नाही. मला लवंग तोंडात ठेवून बरं वाटायचं. जुलाब दिवसाला दोन-तीन, पातळ पण पाण्यासारखे नाही. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की इतपत चालतं, पण पाण्यासारखे वारंवार व्हायला लागले, रक्त दिसलं, ताप आला किंवा पोटात पिळवटून दुखायला लागलं तर लगेच फोन, आणि जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. कारण अँटीबायोटिकमुळे आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि एक दुसराच वाईट जंतू वाढू शकतो, आणि हे गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा होऊ शकतं.

आणि आता एक गोष्ट जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. सहाव्या दिवशी मला खाली खाज आणि पांढरं जाणं सुरू झालं. मला वाटलं भलतंच काहीतरी झालं, दोन दिवस लाजेने गप्प बसले. ते साधं बुरशीचं इन्फेक्शन होतं, अँटीबायोटिकने होतं, डॉक्टरबाईंनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि ते गेलं. मैत्रिणींनो हे लाजण्यासारखं अजिबात नाहीये, पहिल्याच दिवशी सांगा.

माझी चूक इथे झाली. चिठ्ठीवर स्पष्ट १४ दिवस लिहिलेलं होतं. मेडिकलमध्ये एकच बॉक्स होता आणि काउंटरवरच्याने सांगितलं, आधी हा घ्या, फरक पडला नाही तर पुढचं बघू. सात दिवसांनी पोट हलकं वाटायला लागलं होतं, तोंडाला नुसता वीट आला होता, मी पुढचा बॉक्स आणलाच नाही. आठ आठवड्यांनी शौचाची अँटिजेन टेस्ट केली, पॉझिटिव्ह. डॉक्टर ओरडले नाहीत पण त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, आता क्लॅरिथ्रोमायसिन तुमच्यासाठी गेलं, अर्धवट मार खाल्लेला जंतू त्या औषधाला जुमानत नाही, परत तेच किट देऊन उपयोग नाही. पॅकिंगवर जी उभी लाल रेघ असते ना, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून, २०१६ पासून सरकार त्याबद्दल सांगतंय, ती रेघ माझ्याही बॉक्सवर होती, मी बघितली पण कधी तिचा विचार केला नाही. जुलाब झाले की मेडिकलमधून दोन औषधांची एकत्र गोळी आणून तीन डोस घ्यायचे आणि सोडून द्यायचे हे आमच्या घरात कायम चालायचं, ते आता पूर्ण बंद केलंय.

दुसऱ्या वेळी चार औषधं. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि ॲसिडची गोळी, दिवसाला १३ गोळ्या, १४ दिवस. याचं किट नाही मिळालं, सगळं सुटं घ्यावं लागलं, टेट्रासायक्लिनसाठी तीन दुकानं फिरले. सासूबाईंचा जुना पानाचा डबा होता, त्याच्या चार खणांत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असं मांडून ठेवायचे.

ह्या औषधांची पथ्यं वेगळीच आहेत आणि ती माहीत नसतील तर सगळं पाण्यात. टेट्रासायक्लिन दूध, दही, ताक, पित्ताचं पातळ औषध आणि लोहाची गोळी यांच्याबरोबर घेतलं तर अंगी लागतच नाही. म्हणजे मी चार महिने खात होते ती लोहाची गोळी १४ दिवस बंद. सगळे सांगतात अँटीबायोटिक चालू आहे तर दही खा, पण ह्यात दही खायचं तर गोळीच्या मागेपुढे दोन तास सोडून. गोळ्या चार वेळा, त्यात दोन दोन तासांचं गणित जमवताना मी शेवटी दुपारी चारला वाटीभर ताक एवढंच ठेवलं. चहाही कोरा.

दुसरं म्हणजे मेट्रोनिडाझोलवर दारू अजिबात चालत नाही, उलट्या, छातीत धडधड, चेहरा लाल होणं असं होऊ शकतं, आणि कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबायचं. मी म्हटलं आमच्या घरात कुणी घेत नाही. डॉक्टर म्हणाले आसव-अरिष्ट घेता का? आणि मी खरंच लोहासव घेत होते, आईने आणून दिलेलं, रोज दोन चमचे! आसव आणि अरिष्टात ते मुरतानाच अल्कोहोल तयार होतं, शिवाय लोहासवात लोहही आलं. मला कधी डोक्यातही आलं नसतं. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, काढे, सगळं एका पिशवीत भरून न्या.

बिस्मथने शौच काळी होते आणि जीभही काळी पडते. मला आधी सांगितलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर काळी शौच म्हणजे पोटात रक्तस्राव असं वाचून मी रात्रीच दवाखाना गाठला असता. नुसता रंग काळा असेल तर तो बिस्मथचा, पण चिकट, घाण वास येणारी असेल आणि चक्कर येत असेल तर थांबू नका. लघवी गडद झाली ती मेट्रोनिडाझोलने. हातापायाला मुंग्या आल्या तर मात्र लगेच सांगायचं, मला तसं झालं नाही.

नवव्या रात्री मी अर्धी झोपेत उठून घोटभर पाण्याबरोबर टेट्रासायक्लिन गिळलं आणि आडवी झाले. पहाटे छातीच्या मधोमध असं जळायला लागलं की थुंकी गिळता येईना. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली होती. दोन दिवस मऊ भात आणि गार पाणी. ही कॅप्सूल बसून, फुलपात्र भरून पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आणि ऊन! ह्या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते, आणि माझा कोर्स एप्रिलमध्ये, सोलापुरात. सकाळी बँकेत जाऊन आले तर हातावर बांगडीच्या वरपर्यंत लाल चट्टा. नंतर पूर्ण बाह्यांचा सनकोट आणि स्कार्फ. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत.

मिस्टरांचंही लिहिते कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. ते वर्षानुवर्षं मनानेच पँटोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करायची गोळी, खात होते, त्यांचीही तपासणी केली, तोच जंतू. त्यांना पहिलंवालं क्लॅरिथ्रोमायसिनचं किट दिलं, पण त्यांना शुगरची ग्लिमेपिराइड आणि कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. मेडिकलमध्ये कुणी विचारलं नाही की दुसरी कुठली गोळी चालू आहे का. डॉक्टरांनी विचारलं. क्लॅरिथ्रोमायसिन रक्तात अशा बऱ्याच औषधांचं प्रमाण वाढवतं, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी कोर्सभर बंद ठेवली, नाहीतर स्नायूंना इजा होऊ शकते, आणि शुगर रोज दोनदा बघायला सांगितली. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते दुकानात बसलेले, शर्ट घामाने चिंब, हात थरथरतोय. मशीन लावलं तर ६४. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, वर आली, मग पोळी खायला दिली. डॉक्टरांनी फोनवरच शुगरची गोळी अर्धी केली. सांगून ठेवलेलं नसतं तर आम्ही उन्हाने झालं असेल म्हणून सोडून दिलं असतं. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, जे रक्त पातळ करायची किंवा बीपीची गोळी घेतात त्यांनीही हे किट सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर अमॉक्सिसिलिन नाहीच. अंगावर पुरळ, ओठाला सूज, श्वास लागणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता सरळ दवाखान्यात. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

माझं रेटिंग. औषध म्हणून पाचपैकी चार, कारण नीट घेतलं तर काम करतं. पॅकिंग आणि माहिती म्हणून दोन, एका बॉक्समध्ये सातच दिवस आणि मराठीत एक अक्षर नाही. खर्च दोन्ही वेळचा मिळून तपासण्या सोडून दोन हजारांच्या वर गेला.

कोर्स संपल्यावर टेस्ट करायला मात्र विसरू नका. शेवटच्या अँटीबायोटिकनंतर निदान चार आठवडे जाऊ द्यायचे आणि ॲसिडची गोळी दोन आठवडे आधी बंद करायची, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. श्वासाची किंवा शौचाची टेस्ट चालते. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट ह्यासाठी करू नका, जंतू गेल्यावरही ती कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहते.

माझी निगेटिव्ह आली. लोहाची गोळी परत सुरू केली, त्याच कंपनीची तीच गोळी, आणि अडीच महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६. जिना चढताना आता मधल्या मजल्यावर थांबावं लागत नाही. मिस्टरांची टेस्ट पुढच्या सोमवारी आहे, पँटोप्राझोल बंद करून दहा दिवस झालेत, रात्री छातीत जळजळतं म्हणून उठून बसतात, तेवढे चार दिवस काढायचेत. रिपोर्ट आला की इथेच खाली लिहीन.