फॅमिली लिंक आणि इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट: काय जमतं, कुठे निसटतं

घरातला जुना अँड्रॉइड फोन मुलाकडे देताना पालकांना दोन अधिकृत साधनं फुकट मिळतात. एक गूगलचं फॅमिली लिंक, दुसरी इन्स्टाग्रामच्या आतली पालक-देखरेख. दोन्हींची कामं वेगळी आहेत. मूल कोणतं ॲप, कधी आणि किती वेळ वापरेल हे फॅमिली लिंक ठरवतं. पण ॲपच्या आत मुलाशी कोण बोलतंय, हे त्याला अजिबात दिसत नाही. त्यासाठी त्या त्या ॲपमध्येच शिरावं लागतं. फॅमिली लिंक बसवलं की काम झालं असं समजून बरेच पालक इथेच थांबतात, आणि खरा धोका नेमका तिथून पुढे आहे.

आधी फॅमिली लिंकबद्दल. पालकाचा फोन अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हींवर ते चालतं. मुलाचा फोन मात्र अँड्रॉइडच हवा, तोही अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा. मुलाकडे आयफोन असेल तर यात वेळ घालवू नका. ॲपलचं स्वतःचं ‘स्क्रीन टाइम’ त्याच कामाचं आहे. मूल आईचा किंवा बाबांचाच फोन वापरत असेल, तरीही फॅमिली लिंकचा उपयोग नाही, कारण त्या फोनवर खातं मोठ्यांचं असतं. अशा घरी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘फॅमिली’खाली ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ला पिन लावा, यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स द्या आणि फोन हातात देताना ॲप पिनिंग चालू करा, बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही लावा, म्हणजे मूल त्या एका ॲपबाहेर जाऊ शकत नाही.

बसवण्याची सुरुवात फोन पूर्ण रिकामा करूनच करावी. फोनमध्ये आधीचं कुणाचं खातं तसंच ठेवून वर मुलाचं खातं चढवलं की पुढे गोंधळ होतो. प्ले स्टोअर एका खात्याने उघडतं, यूट्यूब दुसऱ्या, आणि मर्यादा नेमकी कुणाला लागते तेच कळत नाही. म्हणून जुनं खातं सेटिंग्जमधून काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा झाला तर रीसेटनंतर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो. त्यानंतर पालकाच्या फोनवरून मुलाचं नवं गूगल खातं उघडा आणि जन्मतारीख खरीच घाला. ‘दोन वर्षं जास्त टाकली तर ॲप्स सहज मिळतील’ हा हिशोब महागात पडतो, कारण पुढची सगळी संरक्षणं त्याच तारखेवर उभी असतात. मुलाच्या फोनवर ते खातं टाकताना पालकाचा पासवर्डही लागतो, म्हणून दोन्ही फोन आणि चांगलं इंटरनेट घेऊन वीस-पंचवीस मिनिटं निवांत बसा. फॅमिली ग्रुपमध्ये दुसऱ्या पालकालाही ‘पॅरेंट’ म्हणून अधिकार देता येतो. तो पहिल्याच दिवशी द्या, नाहीतर प्रत्येक परवानगीसाठी एकाच माणसाला ऑफिसात फोन येत राहतात.

पहिल्या संध्याकाळीच लावावं असं सगळ्यात मोलाचं सेटिंग म्हणजे प्ले स्टोअरची मंजुरी. ती ‘ऑल कंटेंट’वर ठेवा. मग फुकट ॲपसुद्धा पालकाच्या होकाराशिवाय उतरत नाही. विनंती पालकाच्या फोनवर येते आणि होकार तिथूनच देता येतो. फॅमिली लिंकमधलं सर्वांत भरवशाचं काम हेच आहे, आणि एवढ्यासाठी जरी ते बसवलं तरी पुरे. एक मात्र लक्षात ठेवा, एकदा मंजूर केलेल्या ॲपच्या अपडेटला पुन्हा विचारणा होत नाही. निरुपद्रवी वाटलेल्या एखाद्या खेळात पुढे अनोळखी लोकांशी गप्पा मारायची सोय आली, तर ती तुम्हाला न विचारताच येईल. म्हणून मंजूर ॲप्सची यादी महिन्यातून एकदा उघडून बघा.

वेळेसाठी दोन मर्यादा आहेत. ‘डेली लिमिट’ म्हणजे दिवसाची एकूण मिनिटं, आणि ‘डाउनटाइम’ म्हणजे फोन बंद राहण्याचे तास. दोन्हींत डाउनटाइम अधिक उपयोगी, कारण त्यावर वाद कमी होतो. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा फोन बंद, हे एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. डेली लिमिटवर मात्र ‘अजून दहा मिनिटं’ सुरू होतं. त्यासाठी ‘बोनस टाइम’ची सोय आहे, पण ती जपून वापरावी. कुलूप लागलेलं असतानाही आलेला फोन घेता येतो आणि आपत्कालीन फोन लावता येतो, त्यामुळे ‘मुलाला आमच्याशी संपर्कच करता येणार नाही’ ही भीती नको. फोनला इंटरनेट नसेल तर आधी लावलेल्या मर्यादा तशाच राहतात, पण तुम्ही केलेला नवा बदल पोचत नाही. अशा वेळी पालकाच्या ॲपमध्ये मिळणारा ‘पॅरेंट ॲक्सेस कोड’ मुलाच्या फोनवर टाकून कुलूप उघडता येतं. तो कोड मुलासमोर टाकू नका.

‘ऑलवेज अलाउड’ या यादीत हमखास चूक होते. शाळेच्या वर्गाचा ग्रुप व्हॉट्सॲपवर असतो म्हणून पालक व्हॉट्सॲप तिथे टाकतात. मग डाउनटाइममध्येही व्हॉट्सॲप पूर्ण चालू राहतं: चॅट, स्टेटस, चॅनेल, व्हिडिओ कॉल, सगळं. त्या यादीत फोन आणि घड्याळ एवढंच ठेवा. शाळेचा ग्रुप पालकाच्या फोनवर असला तरी चालतो. शाळेने दिलेलं गूगल खातंही फॅमिली लिंकच्या देखरेखीखाली येत नाही. ते मुलाच्या फोनवर असेल तर त्यावरून काय काय उघडतं ते स्वतः तपासा.

आता निसटण्याच्या जागा. इन्स्टाग्रामचं ॲप ब्लॉक केलं, पण क्रोममध्ये इन्स्टाग्राम डॉट कॉम उघडं राहिलं, हे पहिलं आणि नेहमीचं. फॅमिली लिंकमध्ये क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ते संकेतस्थळ ‘ब्लॉक्ड’ यादीत नावानिशी घाला. फेसबुक आणि स्नॅपचॅटचंही तसंच. क्रोमची ही गाळणी फक्त क्रोमपुरती असते. दुसरा ब्राउझर किंवा एखाद्या ॲपच्या आत उघडणारं पान तिच्या कक्षेत येत नाही, म्हणून फोनमध्ये क्रोम सोडून बाकी सगळे ब्राउझर ब्लॉक करा. दुसरी जागा फोन कंपन्यांची स्वतःची ॲप-दुकानं. सॅमसंगचं गॅलेक्सी स्टोअर, शाओमीचं गेटॲप्स आणि इतर कंपन्यांची त्या प्रकारची दुकानं प्ले स्टोअरच्या मंजुरीला बांधलेली नाहीत. ती ब्लॉक करा आणि ‘अनोळखी स्रोतां’वरून ॲप बसवायची परवानगी बंद ठेवा. तिसरी जागा: काही फोनमध्ये एकाच ॲपची दुसरी प्रत काढायची किंवा फोनचा वेगळा कप्पा उघडायची सोय असते. ती सेटिंग्जमध्ये शोधून बंद करा.

लोकेशनबद्दल अपेक्षा माफक ठेवा. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चालणारी ॲप्स थांबवतात, मग नकाशावर तासाभरापूर्वीची जागा दिसते. मुलाच्या फोनच्या बॅटरी सेटिंग्जमध्ये फॅमिली लिंक आणि गूगल प्ले सर्व्हिसेसला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केलं की बराच फरक पडतो. तरीही क्लासला पोचल्याची एकमेव खूण म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

यूट्यूबसाठी देखरेखीच्या खात्यात तीन पायऱ्या आहेत: ‘एक्सप्लोर’ साधारण नऊ वर्षांपुढे, ‘एक्सप्लोर मोअर’ तेरापुढे आणि ‘मोस्ट ऑफ यूट्यूब’. पाचवी-सहावीच्या मुलाला पहिली पायरी पुरते.

आता इन्स्टाग्राम. किमान वय १३. टीन अकाउंट म्हणजे १८ खालच्या मुलांसाठीचं बंधनांचं खातं, भारतात ते फेब्रुवारी २०२५ पासून सुरू झालं. त्यात मुलाचं खातं आपोआप खाजगी होतं, संदेश फक्त ओळखीच्या किंवा फॉलो केलेल्या खात्यांकडून येतात, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात आणि दिवसाला ६० मिनिटं झाली की ॲप बंद करण्याची आठवण येते. ही आठवण आहे, कुलूप नव्हे. मूल ती पुसून पुढे जातं. खरं कुलूप हवं असेल तर देखरेख जोडून रोजची मर्यादा पालकाने लावावी लागते. १६ पेक्षा लहान मुलांना ही बंधनं सैल करायला पालकाची परवानगी लागते. या साधनातली सर्वांत चांगली गोष्ट तीच.

देखरेख जोडण्यासाठी पालकाचंही इन्स्टाग्राम खातं लागतं. प्रोफाइलवरच्या तीन रेघांतून ‘फॅमिली सेंटर’मध्ये जाऊन आमंत्रण पाठवायचं, आणि मुलाने ते स्वीकारायचं. त्यानंतर गेल्या सात दिवसांत मुलाने कुणाकुणाशी संदेश केले त्यांची नावं दिसतात, मजकूर दिसत नाही. आम्हाला हे योग्यच वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणींशी झालेल्या गप्पा वाचण्याची गरज नसते. यादीत अनोळखी मोठ्या माणसाचं नाव आहे का, एवढं कळणं गरजेचं असतं.

पण हा सगळा डोलारा जन्मतारखेवर उभा आहे. मुलाने चौथीतच १९९८ साल घालून खातं उघडलेलं असेल तर इन्स्टाग्रामच्या लेखी ते मोठं माणूस आहे, आणि वरचं एकही संरक्षण लागू होत नाही. म्हणून आधी खात्यातली जन्मतारीख बघा. चुकीची असेल तर ती दुरुस्त करण्यापेक्षा ते खातं काढून खऱ्या तारखेने नवं उघडणं सरळ पडतं. दुसरं खातंही शोधा. ॲपच्या खालच्या कोपऱ्यातल्या प्रोफाइल चित्रावर बोट दाबून धरलं की त्या फोनवर जोडलेली सगळी खाती दिसतात. आणि खाजगी खात्याचा उपयोग फॉलोअर ओळखीचे असतील तरच. मुलासोबत बसून यादी वरपासून खालपर्यंत बघा. ओळख सांगता येत नाही तो काढा. काढल्याची सूचना समोरच्याला जात नाही, हे सांगितलं की मुलं बरीच मोकळेपणाने काढतात.

व्हॉट्सॲपमध्ये तीन बदल पुरतात. प्रायव्हसीमध्ये ‘ग्रुप्स’ला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा, म्हणजे अनोळखी माणूस थेट ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये आपल्या घरचा नसलेला संगणक दिसला तर लगेच काढा. स्नॅपचॅट असेलच तर नकाशा ‘घोस्ट मोड’वर ठेवा, म्हणजे मूल कुठे आहे ते इतरांना दिसत नाही. टिकटॉकचे सल्ले मात्र आपल्याला लागू नाहीत, ते भारतात जून २०२० पासून बंद आहे.

मुलाचे सगळे चॅट वाचून दाखवतो म्हणणारी पैसे घेणारी ॲप्स टाळा. ती ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची परवानगी मागतात, काही तर प्ले प्रोटेक्ट ही गूगलची धोकादायक ॲप्स पकडणारी तपासणी बंद करायला सांगतात. ती दिली की मुलाचे फोटो आणि संदेश एका तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात. मुलाच्या सुरक्षेसाठी हा मार्ग उलटाच आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती असं धरलं आहे. ॲप्स १३ वर थांबतात, पालकांनी थांबू नये.

आमचं मत असं: आठ ते बारा वयाला फॅमिली लिंक लावाच, आणि इन्स्टाग्राम देऊच नका. तेरा ते पंधराला दोन्ही एकत्र लावा, तेही मुलाला समोर बसवून. चोरून लावलेली देखरेख मूल दुसऱ्या फोनवर जाऊन मोडतं. तेरावा वाढदिवस जवळ आला की गूगल खात्याचे पर्याय बदलतात, त्यामुळे पुढे काय चालू ठेवायचं ते महिनाभर आधीच बोलून ठरवा. सोळापुढे फॅमिली लिंक फारसं कामाचं राहत नाही.

आणि हे सगळं लावूनही कुणी मुलाला फोटोवरून धमकावू लागला, तर काय करायचं तेही आजच ठरवून ठेवा. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही. समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक आणि संदेश यांचे स्क्रीनशॉट काढा, ॲपमध्ये तक्रार नोंदवा आणि मगच ब्लॉक करा. १८ वर्षांखालच्या मुलाचा नग्न फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारखी सहभागी ॲप्स तो जुळवून फोटो अडवतात. पैसे गेले असतील तर तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. मुलासाठी मदत हवी असेल तर चाइल्डलाइन १०९८, रात्रीही. सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.