वेदेरे की लेज्जेरे : जोर कुठे द्यायचा?

इटालियनमधली '-एरे'ने संपणारी क्रियापदं व्याकरणात एकाच गटात बसतात, पण उच्चारात त्यांचे दोन सवतेसुभे आहेत. वेदेरे, म्हणजे पाहणे, तोडायचं वे-दे-रे असं. जोर 'दे'वर, आणि तो स्वर थोडा लांबतोही. लेज्जेरे, म्हणजे वाचणे, तोडायचं लेज्-जे-रे. इथे जोर पहिल्याच अवयवावर, म्हणजे तोडलेल्या पहिल्या तुकड्यावर, पण स्वर आखूड, कारण द्वित्वाचा, म्हणजे जोडून आलेल्या दोन 'ज'चा, अर्धा भाग तिथेच अडकतो. हे द्वित्व मराठी जिभेला जड जाऊ नये. 'लज्जा' म्हणतोच की आपण.

खरी पंचाईत अशी की लिहिताना आघाताची खूण नसते. माझ्या मते वेदेरेचा गट पाठच करावा: आवेरे, सापेरे, पोतेरे, दोवेरे, वोलेरे, कादेरे. गट लहान, पण रोजच्या बोलण्यातला. बाकी ठिकाणी जोर बहुधा मागे, शेवटून तिसऱ्या अवयवावर जातो: स्क्रीवेरे, मेत्तेरे, कोर्रेरे. लॅटिन येत असेल तरी तिच्यावर भिस्त नको. हसण्याच्या 'रीदेरे'त तिथला जोर 'दे'वर होता, इटालियनमध्ये तो 'री'वर सरकला. सापेरेचं नेमकं उलट झालं.

तोडताना 'स' मात्र पुढच्या व्यंजनाबरोबर जातो. ना-स्कोन्-दे-रे, आपण सवयीने 'नास्-कोन्' करतो, ते चूक.

वर्तमानकाळात हा भेद मावळतो. वेदोनो (ते पाहतात) आणि लेग्गोनो (ते वाचतात), दोन्हींत जोर पहिल्या अवयवावर. वेदियामो (आपण पाहतो) आणि लेज्जामोत (आपण वाचतो) दोन्हीकडे शेवटून दुसऱ्यावर. मूळ रूपाला 'लो' (त्याला, ते) हे सर्वनाम चिकटलं, की भेद पुन्हा ऐकू येतो: वेदेर्लोत 'देर्'वर जोर, लेज्जेर्लोत 'लेज्'वर.