समुद्रकिनारी घोडेस्वारी, सूर्यास्त आणि जेवण: आमचे २८,००० रुपये कसे गेले

आम्ही धुळ्याचे. माझं माहेर शहादा तालुक्यातलं, तापीकाठचं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वीसेक वर्षं एक घोडी पाळली होती. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची. मी नववीत असताना ती गेली आणि त्यानंतर अप्पांनी दुसरी घेतली नाही. दत्तजयंतीला मात्र ते अजूनही न चुकता सारंगखेड्याला जातात. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतात आणि मग दिवसभर घोडेबाजारात फिरतात. घ्यायचं काही नसतं, नुसतं बघायचं असतं.

अप्पा आता ७१ वर्षांचे आहेत आणि गेल्या डिसेंबरपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. हे मी आधी सांगते, कारण त्या जाहिरातीवर मी इतक्या पटकन का भाळले ते त्याशिवाय कळणार नाही.

जाहिरात इन्स्टाग्रामवर आली. अलिबागला मावळतीच्या वेळी घोडेस्वारी, पाण्याच्या कडेकडेने कुलाबा किल्ल्यापर्यंत जाऊन परत, मग वाळूवरच कंदिलांच्या उजेडात जेवण. माणशी २,२०० रुपये. फोटोत पाच पांढरेशुभ्र घोडे ओल्या वाळूवरून एका रांगेत चाललेले आणि मागे केशरी आकाश. मला त्या पहिल्या घोड्यावर अप्पाच दिसले.

व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर. बोलणं अगदी गोड, प्रत्येक वाक्यात ताई. आम्ही पाच जण होतो: अप्पा, आई, मी, माझे मिस्टर आणि सातवीतला मुलगा. तारीख सांगितली, नाताळच्या सुट्टीतला रविवार. तो लगेच म्हणाला, "ताई, एकच स्लॉट शिल्लक आहे, अजून दोन फॅमिली थांबल्यात." मी घाबरून ११,००० रुपये एकदम भरले. पैसे पाठवताना स्क्रीनवर त्याच्या संस्थेचं नाव न येता कुठल्यातरी बाईचं नाव आलं. मी विचारलं. "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत," म्हणाला. मला ते पटलं. चार दिवसांनी पुन्हा मेसेज आला, घोड्यांची अनामत ३,००० रुपये, राइड झाली की जागेवर परत. तेही भरले. एकूण १४,०००.

निघायच्या आदल्या दिवशी मी अप्पांना तो फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्या घोडा आपलाकडना नहीत." मी विचारलं, कशावरून? त्यांनी बोट घोड्यांच्या कानांवर ठेवलं. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, उभे केले की टोकं एकमेकांकडे येतात, कधीकधी भिडतातसुद्धा. फोटोतल्या पाचही घोड्यांचे कान सरळ होते. "बाहेर देशातले असतील," ते म्हणाले. मी म्हटलं, "अप्पा, तिकडे श्रीमंत लोक येतात, आणले असतील बाहेरून." आणि मोबाइल काढून घेतला. ते पुढे काही बोलले नाहीत.

हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर घोडे बघितले त्याने घरातच, फुकटात सांगितलं होतं की फोटो खोटा आहे.

रविवारी पहाटे तीनला निघालो. मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट, भिवंडी, पनवेल, पेण. जवळपास चारशे किलोमीटर. आईने कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि दशम्या बांधून घेतल्या होत्या. दुपारी एकच्या सुमारास अलिबागला पोहोचून लॉजवर टेकलो. त्याने लोकेशन पाठवलं होतं आणि पाचला किनाऱ्यावर या म्हणाला होता. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. साडेचारलाच तयार होऊन खुर्चीत बसले होते.

किनाऱ्यावर गेलो तर तंबू नाही, कंदील नाही, पांढरा घोडा तर नाहीच. फोन केला, "ताई, टीम रस्त्यात आहे, दहा मिनिटं." पुन्हा केला, "ट्रॅफिक आहे." साडेपाचला एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा एक घोडी घेऊन आला आणि धुळेवाले तुम्हीच का विचारू लागला. त्याला दुपारी तीनला कुणाचा तरी फोन आला होता की पाच जणांना एकेक फेरी मार, ५०० रुपये नंतर देतो. फोन करणाऱ्याचं नावही त्याला माहीत नव्हतं. त्या पोराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तोही आमच्यासारखाच फसला होता, फक्त त्याचे ५०० होते.

अप्पा घोडीजवळ गेले. आधी तिच्या नाकापुढे हात धरला, तिने वास घेतल्यावर मानेवरून हात फिरवत खोगिरापर्यंत आले. खोगीर थोडं उचलून बघितलं. मानेच्या बुडाशी, जिथे खोगीर टेकतं तिथे, रुपयाएवढी ओली जखम होती आणि तिच्यावर गोणपाटाचा तुकडा घडी करून ठेवला होता. मग खाली वाकून त्यांनी पुढचा डावा पाय उचलला. नाल निघून गेलेला आणि खुराची कड तुटलेली. त्यांनी पाय हळूच खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हाई घोडी आजारी शे. मी बसाव नही."

माझा मुलगा रडवेला झाला होता. त्यालाही त्यांनी बसू दिलं नाही. त्या पोराला जवळ बसवून जखमेला काय लावायचं आणि जखम भरेपर्यंत खोगीर का घालायचं नाही ते समजावत राहिले. स्वतःच्या खिशातले २०० रुपये त्याला हरभऱ्यासाठी दिले.

तेवढ्यात मी जेवणाची चौकशी करायला गेले. पॅकेजमध्ये ज्या हॉटेलचं नाव दिलं होतं तिथल्या माणसाने वही उघडून दाखवली. आमच्या नावाची कसलीही नोंद नव्हती, आणि वाळूवर टेबलं आम्ही मांडतच नाही म्हणाला. तो वैतागलेला दिसला. महिन्याभरात असे आलेले आम्ही तिसरे, म्हणाला.

परत येताना एका शहाळेवाल्या मावशींपाशी थांबले. त्यांनी विचारलं म्हणून सगळं सांगितलं. किल्ल्यापर्यंत घोड्यावरून जाणार होतो म्हटल्यावर त्यांनी समोर हात केला. किल्ला पाण्यात उभा होता, चारी बाजूंनी पाणी. "आज अष्टमी ना? मग आता भरती. किल्ल्यात कसे जाणार?"

मग त्यांनी जे सांगितलं ते किनाऱ्यावरच्या माणसाला पाठ असतं आणि आपल्याकडे खान्देशात कुणाच्या कानावरूनही गेलेलं नसतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आसपास भरती आणि संध्याकाळी ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं, पण कामापुरता बरोबर येतो.

डिसेंबरात अलिबागला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे आमच्या दिवशी सूर्यास्त आणि भरती बरोबर एका वेळी. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी फार वर चढत नाही, त्यामुळे किनारा पूर्ण बुडत नाही. पण घोडा चालवायला लागते ती ओली, घट्ट वाळू, आणि तीच पाण्याखाली जाते. वर उरते ती कोरडी भुसभुशीत, जनावराचे पाय रुतवणारी. कुलाबा किल्ल्याला पायी किंवा घोडागाडीने जातात ते ओहोटी असतानाच. जो माणूस खरोखर तिथे घोडे चालवतो तो अष्टमीच्या संध्याकाळी किल्ल्यापर्यंतची फेरी कुणाला विकणारच नाही. जाहिरातवाल्याने मला तारीख विचारल्यावर पंचांग बघितलं नाही, समुद्राचा शब्द काढला नाही, नुसता "स्लॉट आहे" म्हणाला. तो किनाऱ्यावर नव्हताच. कुठे बसला होता देव जाणे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, रेटिंग आणि फॉलोअर बघून समाधान मानू नका. ते मीही बघितले होते, हजारोंनी होते. त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असेल असं काहीतरी विचारा. "आमच्या तारखेला ओहोटी किती वाजता आहे?" हे विचारा. "आत्ता व्हिडिओ कॉल लावा आणि घोडा दाखवा, चालवून दाखवा" म्हणा. सारंगखेड्यात घोडा घेणारा त्याला चालवल्या-पळवल्याशिवाय, दात बघितल्याशिवाय बोलीसुद्धा लावत नाही. आपण मात्र फोटो बघून ११,००० भरतो. खरा घोडेवाला दोन मिनिटांत कॅमेरा फिरवून दाखवेल. खोटा म्हणेल नेटवर्क नाही.

आणि अलिबागला घोडा, घोडागाडी हवी असेल तर आधी पैसे भरायची गरजच नाही. किनाऱ्यावर जा, जनावर डोळ्यांनी बघा, भाव ठरवा, उतरल्यावर पैसे द्या.

आता दुसरा फटका. हा सांगायला मला सगळ्यात जड जातं, पण सांगितलाच पाहिजे.

त्या रात्री लॉजवर आल्यावर मी त्या माणसाला पोलिसांत जाते म्हणून मेसेज केला. मला वाटलं ब्लॉक करेल. उलट त्याचा फोन आला, आवाज रडका. "ताई, माफ करा, टीमने गोंधळ केला, पूर्ण १४,००० आत्ता परत करतो." एक क्यूआर कोड पाठवला. "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." मी दिवसभराची थकलेले, समोर अप्पा न जेवता पडलेले. पैसे परत येतायत एवढंच डोक्यात होतं. स्कॅन केला, १४,००० चा आकडा आला, पिन टाकला. मेसेज आला, खात्यातून १४,००० वजा. तो लगेच म्हणाला, "चुकून उलट झालं ताई, आता २८,००० चा कोड पाठवतो, सगळे एकदम येतील." तेव्हा मिस्टरांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

यूपीआयचा पिन फक्त पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही, ते आपोआप येतात. हे मला माहीत होतं. मी आईला स्वतः शिकवलं आहे. तरी माझ्या बोटांनी पिन टाकला, कारण एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळायच्या आशेने पहिल्यापेक्षा जास्त हळवा झालेला असतो आणि त्यांना ते बरोबर माहीत असतं. पहिली फसवणूक झाली की दुसरी त्याच रात्री येते, एवढं धरून चाला.

तिसरी चूक म्हणजे उशीर. मी सकाळपर्यंत थांबले, घरी जाऊन बघू म्हणून. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, देशभर चालतो. पैसे गेल्यावर तासाभरात फोन केला तर पुढच्या खात्यात ते अडवून धरता येण्याची शक्यता असते, कारण हे लोक पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, लगेच पुढे सरकवतात. मी फोन केला तोवर बारा तास उलटले होते. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, बँकेतही लेखी दिलं. व्यवहाराचे क्रमांक, चॅट आणि त्या बाईच्या नावाचे स्क्रीनशॉट मागितले, ते मी सुदैवाने पुसले नव्हते. राग आला म्हणून चॅट डिलीट करू नका. पैसे अजून परत आलेले नाहीत.

सोमवारी निघायच्या आधी अप्पा म्हणाले, एकदा जाऊन येऊ. दुपारी बाराच्या सुमारास पाणी मागे गेलेलं होतं आणि लांबवर ओली वाळू चमकत होती. त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात जाऊन उभे राहिले, ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावून बघितलं. मग वाळूवर पाय दाबून म्हणाले, घोडा पळवायला ही जमीन चांगली आहे.

गेल्या आठवड्यात मला पुन्हा एक जाहिरात दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी तंबूत मुक्काम, मावळतीला घोडेस्वारी, नदीकिनारी जेवण, माणशी १,८००, आगाऊ भरा, मोजकेच स्लॉट. खाली तोच फोटो, पाच पांढरे घोडे, सगळ्यांचे कान सरळ. मागचं पाणी तेवढं कापून टाकलं आहे. तो नंबर मी माझ्या तक्रारीला जोडायला दिला आहे. शहादा, दोंडाईचा, शिरपूरकडच्या कुणाच्या मोबाइलवर ती आली असेल तर पैसे भरू नका, आणि घरात कुणी घोडा ओळखणारं असेल तर आधी त्यांना फोटो दाखवा.