घर शोधताना एजंट बदलला: आठ महिने पहिल्याबरोबर, पाच महिने दुसऱ्याबरोबर

पहिल्या एजंटने आठ महिन्यांत आम्हाला ३१ घरं दाखवली. दुसऱ्यांनी पाच महिन्यांत सात. त्या सातातल्या शेवटच्या घरात बसून हे लिहितेय. दोघांचीही नावं देणार नाही, कृपया विचारू नका. पहिल्याची बदनामी करायची नाही आणि दुसऱ्यांची जाहिरातही.

आधी आमची गरज सांगते. मी पणजीला नोकरी करते, नवरा वेर्ण्याला, आणि भाड्याचं घर फोंड्यात. सासर सत्तरीत, त्यामुळे चवथीला गणपतीवरची माटोळी (फळाफुलांचं छत) बांधायला तिकडेच जातो, इथे फक्त रोजचं राहणं. फोंड्यापासून माशेलपर्यंतच्या पट्ट्यात टू बीएचके फ्लॅट किंवा एखादं छोटं जुनं घर, ६०-६५ लाखांत. पर्वरीचे दर ऐकले आणि तो विषय पहिल्याच आठवड्यात संपला.

२०२४ च्या दिवाळीनंतर पहिला एजंट धरला. तिशीतला मुलगा, बोलायला गोड, स्वतःची गाडी. दर रविवारी सकाळी साडेनऊला खाली हॉर्न वाजायचा. रात्री अकरालाही मेसेजला उत्तर. कार्डावर रेराचा (घरबांधणी व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक होता, तो मी गोवा रेराच्या संकेतस्थळावर तपासला, खरा निघाला. माझं समाधान झालं. इथेच मी चुकले. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते. पण आम्ही पाहत होतो त्यातली निम्म्याहून जास्त घरं रीसेलची किंवा जुनी वडिलोपार्जित. तिथे तो क्रमांक असून काय नि नसून काय.

त्याच्या प्रत्येक घराचं टायटल, म्हणजे मालकी, ‘एकदम क्लिअर’ असायचं. मार्दोळचं क्लिअर, बांदोड्याचं क्लिअर, कुंडईत एका उतारावरचं घर होतं तेही क्लिअर. ते घर चक्क ऑर्चर्ड (बागायती) झोनमध्ये होतं आणि जमीन बिगरशेती करणारी सनद झालीच नव्हती, हे आम्हाला बँकेने सांगितलं. मी एकदा विचारलं, क्लिअर म्हणजे तू काय पाहिलंस? म्हणाला, ‘ओनरनेच सांगितलं ना मॅडम.’ फ्लॅटच्या बाबतीत दुसरी गंमत. गोव्यात आपण चौरस मीटरमध्ये बोलतो, आणि तो जो आकडा सांगायचा तो नेहमी सुपर बिल्ट-अप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. कुर्टीचा ‘९५ मीटरचा’ फ्लॅट नवऱ्याने टेप घेऊन मोजला तर आतून ६७ भरला. त्यावर तो हसून म्हणाला, ‘सर, मार्केटमध्ये असंच बोलतात.’ बोलत असतील. पण आमच्या बाजूने मोजायला कोणीतरी हवं होतं ना?

तरीही आम्ही त्याला सोडलं नसतं. माणूस मेहनती होता आणि आठ महिन्यांची सवय झाली होती. माशेलच्या घराने मात्र सोडायला लावलं.

मार्च महिना. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे तुळशीवृंदावन, मागे सहा माड आणि एक फणस. बाल्कावावर (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसलो आणि दोघंही गप्प झालो. किंमत बजेटच्या किंचित वर. एजंट म्हणाला, दुसरी पार्टी तयार आहे, टोकन द्या. आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ५०,००० रुपये दिले. पावती म्हणून त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी. ‘टायटलमध्ये अडचण आल्यास परत’ असं एक वाक्य त्यात घाला, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

नंतर सासूबाईंना घर दाखवायला नेलं. त्यांनी दिवाणखाना पाहिलाच नाही. सरळ मागच्या पडवीत गेल्या. तिथे एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. आम्हीही तिला आधी पाहिलं होतं, एजंट म्हणाला होता की घराची राखण करते. सासूबाईंनी पाहिलं ते वेगळंच: तिची चूल वेगळी, पाण्याची घागर वेगळी, आणि भिंतीवर विजेचा मीटर वेगळा. शेजारी बसून विचारलं, किती वर्षं इथे? ती म्हणाली, लग्न होऊन आले ती इथेच. परत येताना गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘अगं, ही मुंडकार आहे.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे. त्याला काढता येत नाही, उलट राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्क त्यालाच आहे. आपण घर घ्यायचं आणि सोबत तो खटलाही घ्यायचा, असा प्रकार.

हे कमी होतं म्हणून की काय, मे महिन्यात वारसांची यादी आली. अकरा सह्या! गोव्यात नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे सामाईक धरली जाते, पोर्तुगीज नागरी कायद्यापासून ते चालत आलंय. त्यामुळे भावाबरोबर भावजयीची सही, बहिणीबरोबर मेहुण्याची. एक भाऊ लिस्बनला, आणि त्याच्या बायकोने स्पष्ट नाही म्हटलं. वडील वारल्यानंतर इन्व्हेंटरी (वारसांच्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया) झालीच नव्हती, म्हणजे कोणाचा वाटा किती हेच ठरलेलं नाही. एजंट मात्र सांगत राहिला, ‘होईल मॅडम, सगळे सह्या करतील.’ टोकन परत मागितल्यावर फोन उचलणं कमी झालं. मग मात्र रविवारचा हॉर्न बंद.

दुसऱ्यांचं नाव नवऱ्याच्या ऑफिसातून मिळालं. जमिनीच्या कागदांत उभी नोकरी काढून निवृत्त झालेले गृहस्थ, आता दलाली करतात. स्वतःच दलाल म्हणतात, एजंट वगैरे नाही. आम्ही काका म्हणायला लागलो. पहिली भेट मामलेदार कचेरीजवळच्या चहाच्या गाड्यावर. मी फोनमधले फोटो दाखवायला गेले तर हाताने थांबवलं. ‘बाये, पयलीं कागद, मागीर घर.’ आधी कागद, मग घर.

मी मुद्दाम माशेलच्या घराचा सर्व्हे नंबर दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोनवर फॉर्म एक-चौदा, म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा, उघडला आणि बोटाने रकाने दाखवत गेले. हे कब्जेदार. हे कूळ. हे इतर हक्क. इतर हक्कांत त्या म्हातारीच्या नवऱ्याचं घर नोंदलेलं होतं. चहा येईपर्यंतचं काम, त्यासाठी आम्ही ५०,००० अडकवून बसलो होतो. मी मनात म्हटलं, झालं, आता फॉर्म एक-चौदा वाचता आला की संपलं. तेवढ्यात तेच म्हणाले, यात नाव नसलं तरी मुंडकार असू शकतो, मामलेदाराकडे त्यांची नोंद वेगळी असते, म्हणून चूल बघायचीच. आणि कब्जेदार म्हणजे मालक असंही नव्हे. मालकी शोधायची तर जुनी खतं, इन्व्हेंटरी, पोर्तुगीज काळातली नोंद, सगळं मागे मागे पाहत जायचं, आणि ते काम वकिलाचं. परदेशात राहणाऱ्या मालकांच्या जमिनी खोट्या जुन्या कागदांवर लाटल्याच्या तक्रारींवरून २०२२ मध्ये सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली, हे तुम्ही वाचलंच असेल.

एजंट कसा बदलला, हेही बऱ्याच जणांना हवं असतं म्हणून सांगते. पहिल्याबरोबर लेखी करार नव्हता, त्यामुळे सोडायला काही आडवं आलं नाही असं वाटलं. जूनअखेरीस सरळ मेसेज केला: यापुढे तुमच्यामार्फत शोधणार नाही, आतापर्यंत दाखवलेल्या घरांची यादी पाठवा, टोकन पंधरा दिवसांत परत करा. यादी आली नाही. टोकन जुलैच्या शेवटी आलं, तेही दोन हप्त्यांत, आणि वकिलाची नोटीस पाठवतो म्हटल्यावर.

काकांची पद्धत अशी की बरीचशी घरं ते दाखवतच नाहीत. ‘ते नको’, एवढंच. का, विचारलं तर कारण सांगतात: तिथे कूळ आहे, तिथे ऑक्युपन्सी (राहण्याचा दाखला) मिळालेली नाही, तिथला बिल्डर सोसायटी करून देत नाही. नवरा वैतागला होता. महिना गेला आणि घरं पाहिली दोन. फोटो पाठवत नाहीत, ‘फोटोला ओल दिसत नाही’ म्हणतात. आणि दाखवायची वेळही पावसातच, शक्यतो दोन-तीन दिवस लागोपाठ पडल्यावर. ढवळीला एका छान रंगवलेल्या फ्लॅटमध्ये त्यांनी मालकाला विनंती करून कपाट पुढे ओढायला लावलं. मागची भिंत हाताला लागली ती ओल्या पोईसारखी (गोव्याच्या पावासारखी). रंग नखाने निघत होता. पश्चिमेची भिंत, वर गच्चीचा कोपरा. एप्रिलमध्ये पाहिला असता तर आम्ही तो फ्लॅट नक्की घेतला असता.

काकांबद्दलही तक्रारी आहेत. फोंडा तालुक्याबाहेरचं ते बघतच नाहीत, त्यामुळे तुम्हाला म्हापसा किंवा मडगाव हवं असेल तर हा अनुभव तुमच्या कामाचा नाही. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. आणि भाव करताना मऊ. विक्रेत्याकडूनही कमिशन घेतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लपवलं नाही. पण त्यामुळे ते कोणासाठीच जोर लावत नाहीत. ६५ चे ६२ झाले ते नवऱ्याने केले, काका खिडकीतून बाहेर पाहत होते.

आता घर ठरल्यावरचा घोळ. आमचा फ्लॅट खडपाबांधच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. याच इमारतीत पहिल्या एजंटने फेब्रुवारीत दुसऱ्या मालकाचा, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला होता. कुठून तरी कानावर गेलं आणि त्याचा मेसेज आला: माझं दोन टक्के कमिशन, १,२४,००० रुपये. सोबत एका कागदाचा फोटो. त्यावर माझी सही! आठवलं. गेटवर उभ्याउभ्या, एका हातात पर्स नि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, ‘वॉचमनसाठी एंट्री’ म्हणून सही घेतली होती. ती एंट्री नव्हती, साइट व्हिजिटची स्लिप होती. खाली बारीक अक्षरात, दाखवलेली मालमत्ता बारा महिन्यांत घेतल्यास कमिशन लागू. आणि मालमत्तेच्या जागी फक्त इमारतीचं नाव, फ्लॅटचा नंबर नाही.

दोन रात्री झोप नाही. काकांनी एकच सल्ला दिला, त्याला विचार की मी घेतलेल्या फ्लॅटच्या मालकाचं नाव काय. विचारलं. उत्तर नाही. मालकानेही लिहून दिलं की त्या एजंटशी त्याचा कधी संबंध आला नाही. वकील म्हणाली, यात दम नाही, दुर्लक्ष कर. दीर म्हणाला एक पैसा देऊ नकोस. तरी मी त्याला १५,००० दिले आणि हिशेब मिटला असं लिहून घेतलं. ३१ रविवार त्याने पेट्रोल जाळलं होतं, हे खरंच होतं. नवरा अजूनही याला माझा मूर्खपणा म्हणतो.

व्यवहाराच्या वेळी काका उपयोगी पडले ते टीडीएसला, म्हणजे किमतीतून आधीच कापून भरायच्या आयकराला. किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून खरेदीदाराने १ टक्का कापून भरायचा. विकणारे नवरा-बायको दोघं, घेणारे आम्ही दोघं. प्रत्येक जोडीचा फॉर्म वेगळा, म्हणजे तेव्हाच्या २६ क्यूबीचे चार फॉर्म, प्रत्येकी १५,५०० रुपये. बँकेतल्या मुलाला हे माहीत नव्हतं, तो एकच भरायला निघाला होता. काकांनी चार तुकडे सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहून दाखवले. तसंच विकणारा परदेशी स्थायिक असेल तर ही १ टक्क्याची गोष्टच लागू होत नाही, कर वेगळ्या नियमाने आणि बराच जास्त कापावा लागतो. लिस्बनवाल्या भावाचा वाटा असलेल्या माशेलच्या घराबद्दल हे आम्हाला कोणीच बोललं नव्हतं.

नोव्हेंबरअखेर सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी झाली. काकांना दीड टक्का दिला, आधी ठरलं होतं तेवढाच, आणि त्यांनी पावती दिली. त्यांनी सासूबाईंच्या हातावर नारळ ठेवला, ते मात्र मला आवडलं.

विजेचा मीटर आमच्या नावावर करून द्यायचं काम काकांनी अंगावर घेतलं होतं. पाच महिने झाले, बिल अजून जुन्या मालकाच्या नावाने येतंय. विचारलं की म्हणतात, जाता जाता करतो. उद्या चारनंतर पुन्हा फोन करणार आहे.